वर दोन टाक

हसू नका, पण आमच्या सासूबाईंनी करंटमध्येसुद्धा घासाघीस केली! त्या घिवली गावच्या, जन्मभर बोईसरच्या बाजारात मासळी विकत आल्यात. संधिवाताने बोटं इतकी आखडली की बोंबलांचा वाटा उचलवेना, म्हणून मीच त्यांना फिजिओथेरपीला नेलं.

तिथल्या मॅडमनी मनगटाला पट्ट्या चिकटवल्या आणि मशीनमधून हळूच करंट सोडला. म्हणाल्या, "मुंग्या आल्यासारखं वाटतंय ना? बस, दुखणं दबायला एवढा पुरतो."

"एवढाच?" सासूबाई भडकल्या. "वर दोन टाक!"

मॅडमनी जरासा वाढवला.

"अजून टाक गो पोरी. आखडलाय तो माजा हात, तू कशाला आखडता घेते?"

मॅडमनी वैतागून बटण फिरवलं मात्र, सासूबाईंचा पंजा आपोआप उडाला आणि मॅडमचा चष्मा थेट खिडकीबाहेर!

दुखणं मात्र खरंच कमी झालं. दुसऱ्या दिवशी सासूबाई बाजारात बसल्या. एका बाईने बोंबलांचा वाटा घेतला आणि सवयीने म्हणाली, "मावशी, वर दोन टाका ना."

सासूबाईंनी टोपलीवर हात ठेवला.

"नको गो बाय. वरचं मागू नको. शॉक लागतो."