ओव्हरसियरची हिरवी फटफटी

मूर्तिजापूरच्या मोटारस्टँडवर सूर्यभान दर्यापूरच्या मोटारीची वाट पाहत बसला होता. पाठीमागच्या बाकावर तिकडूनच आलेले दोघं भाऊ टेकले.

"दादा, ओव्हरसियरसायबाची हिरवी फटफटी तुमी काहून नाही घेतली? पहिल्याच लाथीत चालू झाली."

सूर्यभानचे कान टवकारले. तीच विकाऊ फटफटी पाहायला तो निघाला होता.

"देवमन, आपण गेलो तवा इंजिन आधीच गरम होतं. मी हात लावून पाह्यला."

"मंग चांगलंच हाये. रोज चालते म्हणून गरम."

"बाजारात गाय आणतेत, तवा सकायचं दूध काहून नाही काढत?"

"थान भरलेलं दिसावं म्हणून. पण फटफटीले कुठं थान असते, दादा?"

"तुले समजत नाही."

"सायब तं म्हणे, हिनं मले कधी दगा नाही देल्ला."

"सायब म्हणे. त्याची बाई काय म्हणे?"

"बाई बोललीच कुठं? चहा पाजला, वरतून नारळ आणून ठेवला."

"आपल्या मायनं ढवळ्या बैल इकला, तवा काय केलं होतं?"

"भाकर चारली. त्याच्या गळ्यात पडून रडली. रातच्याले जेवलीबी नाही."

"अन् या बाईनं?"



"हिनं तं फटफटी बाहेर न्याले आपण पोचायच्या आधीच फाटक उघडून ठेवलं होतं."

दर्यापूरची मोटार लागली. सूर्यभान उठला, बसला, पुन्हा उठला. शेवटी मागं वळून त्यानं विचारलं,

"भाऊ, तुमी निघाले तवा त्या बाईनं फाटक लावलं काय?"

"नाही. उघडंच होतं."