फुटबॉलरच्या गुडघ्याची दृष्ट

हसू नका, पण एका वेल्श फुटबॉलरचं करिअर माझ्या आईने वाचवलंय. तेही नागपुरात बसून.

दोन हजार एकवीसच्या लॉकडाऊनमध्ये आयर्लंडमधल्या नास गावात रिस माझा फ्लॅटमेट होता. प्रोफेशनल प्लेयर, पण एकाच गुडघ्याची तीन ऑपरेशनं झालेली. सर्जन म्हणाला, "गुडघा एकदम ग्रँड आहे, पळ आता." पण हा भीतीने जिनासुद्धा कठडा धरून उतरायचा. सोमवारी क्लबची फिटनेस टेस्ट होती. पळाला नाही, तर कॉन्ट्रॅक्ट संपलं.

व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अरे, दृष्ट लागलीये पोराला. मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून टाक."

मी रिसला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "ही आमच्याकडची फिजिओथेरपी आहे." बिचारा खुर्चीत ताठ बसला. मी तीनदा उतरवलं आणि सगळं तापलेल्या तव्यात टाकलं.

दोघांनाही असा ठसका लागला की विचारू नका, आणि वर स्मोक अलार्म बोंबलायला लागला. मी आईला "थांब गं" म्हणेपर्यंत रिस गायब! तीन मजले उतरून, पार्किंग ओलांडून, हा थेट रस्त्यापलीकडे उभा.

"मी पळालो?" मी खोकत खाली पोचलो तेव्हा त्याने विचारलं.

"हो. मला आत सोडून."

सोमवारी तो पास झाला. संध्याकाळी क्लबच्या फिजिओचा मला फोन. "नेमकी काय ट्रीटमेंट दिलीस रे?"

"मीठ, मोहरी, सात मिरच्या. तीनदा उतरवायचं."

तो चक्क लिहून घेत होता. "किती दिवस?"

"एकदाच पुरतं. फक्त अलार्मची बॅटरी चांगली हवी."