नळ आला, सून गेली

मी मूळची बिरसीकडची. घरची धानाची बांधी नव्हती, दुसऱ्याच्या धानात रोवणी करायचो, अन् विहीर गावाच्या त्या टोकाले. गोंदियाचं स्थळ आलं तं बापानं पोरगं धड पाहिलं नाही, अंगणातला नळ पाहिला. म्हणे, पोरगी डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन तं नाही मरणार. तशी मी इथं आली. तवापासून बिड्या वळते. नवरा गेला तरी वळूनच राहिली.

काय सांगू बाबू तुले, आमच्या गल्लीत नळ खड्ड्यात राहते. हसू नको. पाण्याले जोर नाही, वर चढत नाही, म्हणून दारापुढं कंबरभर खड्डा खणायचा, पाईप तिथंच कापायचा अन् खाली उतरून पाणी भरायचं. पाहुणा आला का पहिले सांगा लागते, बापा, पाय सांभाळ. पण पाणी चांगलं यायचं. बिडीचं पान भिजवा लागते, नाही तं कातरताना फाटते, तेही भागायचं.

मंग जुन्या लाईनी बदलायचं निघालं. पाण्याची नवी, गटाराचीही नवी. आम्ही बायांनी खणायच्या मशीनले हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. काऊन नाही फोडणार? खुशीत आपापले खड्डेही बुजवले, आता कायले पाहिजे म्हणून. मजूर छत्तीसगडकडचे, त्याइले चहा मीच पाजला. मशीनच्या दातानं आमची जुनी पाण्याची लाईन फुटली, तं एक जण म्हणे, अम्मा, फिकर मत करो, बाँध देते हैं. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, माती लोटली, अन् त्याच्यावरूनच गटाराचा पाईप नेला. मी म्हटलं, बाबू, हे दोन्ही असे एकमेकाच्या अंगावर? तं म्हणे, अम्मा, हमको जितना बोला उतना करते हैं. त्याच्यावर काय चिडू? तोही पोटासाठीच खणून राहिला होता.

नवा नळ भिंतीले वर लावून दिला, चकचकीत. सुरू केला तं फुस्स. नुसती हवा. सारी गल्ली हसली. बुजवलेले खड्डे पुन्हा खणले, जुन्याच नळाखाली गुंड लावला. माही सून वैशाली तवा पोटुशी होती. तीच पहिले म्हणाली, आई, पाण्याले वास येऊन राहिला. प्यायचं उकळलं, गाळलं. पण चूळ भरायचं, तांदूळ धुवायचं कोण उकळते? तिचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणे, कावीळ, अशा दिवसांत जिवावरचं दुखणं. पोरानं तिले दवाखान्यातून थेट माहेरी नेलं, अर्जुनी मोरगावले. देवाची कृपा, मायलेकी दोघीही वाचल्या. नात झाली.

मी बाटलीत पाणी भरून नळाच्या ऑफिसात गेली. साहेबानं बाटलीचं झाकणही उघडलं नाही. म्हणे, जुनी लाईन? ती तं बंदच करायची आहे. तक्रार द्या, उद्या बंद करतो. मी म्हटलं, अन् नवी? म्हणे, जोर येईल. कधी? ते वर विचारा. वर म्हणजे कुठं, ते काही सांगितलं नाही.

गल्लीत येऊन सांगितलं तं शेजारची सुखवंता अंगावरच आली. म्हणे, मावशी, तोंड उघडू नको. घाण का होईना, येऊन तं राहिलं. तुही सून माहेरी सुखात आहे, माह्या लेकराइनं काय हवा प्यावी? खोटं नव्हती बोलत. बाटली तिच्यापुढंच नालीत ओतली मी.

आता वैशालीचा फोन येते. आई, पोरगी हसाले लागली, कधी येऊ घरी? अन् इथं गल्लीतल्या बाया मले टोमणे मारतात, सासूनं सून हाकलली. नातीले मी अजून मांडीवर घेतलं नाही. काल पुन्हा विचारलं तिनं, पाणी सुधरलं का? मी म्हटलं, नको येऊ. ती रडाले लागली, म्हणे आई, आम्ही तुम्हाले नको झालो का? तक्रार दिली तं साऱ्या गल्लीचं पाणी जाते, नाही दिली तं नातीले ह्याच पाण्यात आणा लागते. म्हटलं, तिथंच राहा माय, पोरीले घेऊन सुखी राहा. फोन ठेवला. मंग खड्ड्यात उतरली. नळाची वेळ झाली होती.