हिमनदी खळखळ वाहते

हवालदार : कुटं निघालात गुरुसिद्धप्पा सावकार, टावेल खांद्यावर टाकून?

अप्पा : आंघोळीला.

हवालदार : हितं?

अप्पा : मग काय, सोलापूरला जाऊन करून येऊ?

हवालदार : समोर बघा की जरा. हिमालय हाय ह्यो. वढ्यावर बर्फाची साय धरलीया.

अप्पा : साय बाजूला सारायची, खालचं पाणी घ्यायचं. हे बघा जोतीराम, तुम्ही पलटणीत हवालदार होता, मान्य. या डोंगरातले आमचे वाटाडे तुम्ही, तेही मान्य. पण आंघोळीशिवाय लिंगपूजा नाही, आणि पूजेशिवाय पोटात घास नाही. दीक्षा घेतल्यापासून मोडलं नाही ते या ढिगाऱ्यापायी मोडू?

हवालदार : दाक्षायणीबाई! ओ बाई! तंबूतनं भाईर या. तुमचं वडील मरायला निघाल्यात.

दाक्षायणी : अप्पा! मागं फिरा आधी.

अप्पा : तू आत बस. वारं लागंल.

दाक्षायणी : अव्वा तापानं पडली होती, तेव्हा मठाच्या स्वामींनी काय सांगितलं होतं? पाणी अंगाला सोसत नसेल तर भस्म लावा, तेच स्नान.

अप्पा : ते आजाऱ्याला. तुझी आई आजारी होती.

दाक्षायणी : आजारी असा शब्दच नव्हता त्यात. सोसत नसेल तर, म्हणाले. आता तुम्ही त्या ओढ्यात एक बोट घाला आणि सोसतंय का सांगा.

अप्पा : स्स्स!

दाक्षायणी : घातलं?

अप्पा : आहे का अजून ते बघायलोय.

दाक्षायणी : मग भस्म काढू?

अप्पा : काढ. वकिलीच करायची होतीस तू. कशाला शाळेत बाई झालीस.

हवालदार : आन सावकार, तुमचं झालं की तेवढा इभूतीचा गोळा इकडं सरकवा. उनानं नाकाची साल निघाय लागलीया.

अप्पा : देवाची विभूती आहे ती!

हवालदार : नाक बी देवानंच दिलंय की.

*

हवालदार : थांबा. दम खावा. आपल्या टोळीतल्या बँकवाल्यांस्नी पुढं जाऊ द्या. सावकार, तुमचा पाठीवरचा पिट्टू एका अंगाला का कलंडलाय?

अप्पा : जन्मापासून तसाच असेल.

हवालदार : उघडा.

अप्पा : बायकांसमोर सामान उघडत नसतात.

दाक्षायणी : मी मुलगी आहे तुमची. उघडा.

हवालदार : ह्या काय, ताटल्या?

दाक्षायणी : कडक भाकरी. अव्वानं दिल्यात.

हवालदार : एवढ्या? गावजेवान हाय का? अवो, आमचा कल्लप्पा हाय की सैपाकाला. दोन्ही वक्ताला डाळ-भात घालतोय.

अप्पा : या उंचीवर त्याची डाळ शिजायलीय का? काल खाल्लीत ना? छर्रे होते. दोन तर माझ्या दाढेत अजून आहेत. भाकरीला विस्तव नको, पाणी नको. शेंगाचटणी लावली, मोडली, खाल्ली.

हवालदार : आन ह्या बुडाला काय?

अप्पा : चादर.

हवालदार : झोपायची पिशवी दिलीया की मी!

अप्पा : सोलापूरचा चादरवाला दुसऱ्याच्या पांघरुणात झोपला, तर उद्या सात रस्त्याच्या चौकात दुकान उघडून बसू कसा?

हवालदार : किती हायत?

अप्पा : तीन.

दाक्षायणी : अप्पा!

अप्पा : एक तुझी. एक माझी.

दाक्षायणी : आणि?

अप्पा : एक नमुन्याला. या बाजूला थंडी लई असते म्हणून ऐकलं होतं.

हवालदार : म्हंजी वझं तुमचं, आन धाप माझी! एक इचारू का सावकार? राग मानू नगा. तुमाला डोंगर नगो, डाळ नगो, पिशवी नगो. मग आलासा कशाला?

अप्पा : हिला विचारा.

दाक्षायणी : मी एकटीच येणार होते. अव्वानं दारात पाय अडवला. घरचं माणूस संग असेल तर जा, नाहीतर सुट्टीत पापड लाट.

अप्पा : आणि हिला बघायचीय हिमनदी! सोलापुरात तळं आहे. पलीकडं भीमा आहे. पण नाही. गोठलेलीच पाहिजे.

हवालदार : आता खिंड चढली की पलीकडं तीच हाय. पर बाई, तिच्यात एवढं काय?

दाक्षायणी : भूगोल शिकवते मी, हवालदार. तीन वर्षं झाली, फळ्यावर निळ्या खडूनं हिमनदी काढते. आणि बर्फ बघितलाय तो गोळ्याच्या गाडीवर. मागल्या वर्षी एका पोरीनं विचारलं, बाई, ती वाहते तर आवाज येतो का?

हवालदार : मग?

दाक्षायणी : सगळा वर्ग माझ्याकडं बघायलेला. मी म्हटलं, येतो.

हवालदार : बरं.

दाक्षायणी : वार्षिक परीक्षेत सगळ्या मुलींनी लिहिलं, हिमनदी खळखळ वाहते. आणि मीच त्यांना मार्क दिले.

अप्पा : ऐकलंत? त्या खळखळीपायी मी इथं बर्फात उभा आहे. सोलापुरात आत्ता डांबर वितळायलंय, आहाहा.

*

(इथून पुढचा चढ असा होता, की वाक्याला क्रियापद जोडण्याइतकाही श्वास कुणापाशी उरला नाही.)

अप्पा : अजून...

हवालदार : थोडं.

अप्पा : थोडं म्हणजे...

हवालदार : थोडं.

अप्पा : सकाळी पण...

हवालदार : थोडंच.

दाक्षायणी : अप्पा, पिट्टू...

अप्पा : नको.

दाक्षायणी : निदान भाकरी...

अप्पा : अजिबात.

हवालदार : बसा.

अप्पा : बसलो तर...

हवालदार : बसा!

अप्पा : ...उठवायला लागंल.

*

हवालदार : आता तंबूत टेकलासा. खरं बोला. डोकं दुकतंय?

अप्पा : नाही.

हवालदार : मळमळ?

अप्पा : नाही.

हवालदार : मग मगाशी शेंगाचटणी नगो का म्हनला?

दाक्षायणी : काय? अप्पांनी शेंगाचटणी नको म्हटली?

अप्पा : उपास आहे.

दाक्षायणी : कसला?

अप्पा : सोमवारचा.

दाक्षायणी : आज गुरुवार आहे.

अप्पा : लवकर धरला.

हवालदार : हे बघा, हितली हवा इरळ. काय काय गड्यांचं डोकं फिरतं. ज्याचं फिरलं त्यो ताबडतोब खालच्या मुक्कामाला. आन त्याच्यासंगट त्याच्या घरचं एक माणूस. ह्यो माझा नियम. त्यात बदल न्हाय.

दाक्षायणी : घरचं माणूस म्हणजे मी.

हवालदार : दुसरं कोन?

अप्पा : फिरलं तर ना! माझं डोकं कसं आहे, खणखणीत.

हवालदार : मग परीक्षा घेतो. सोपी. सात रस्त्याला मिळनारे सात रस्ते सांगा.

अप्पा : ही परीक्षा? सात रस्त्यावर माझं दुकान आहे, जोतीराम. झोपेत सांगीन. स्टेशनचा. होटगीचा. विजापूरचा. मोदीचा. तळ्याकडचा. लष्कराचा. आणि स्टेशनचा.

हवालदार : त्यो झाला.

अप्पा : झाला? थांबा की. स्टेशन, होटगी, विजापूर, मोदी, तळं, लष्कर...

हवालदार : सा. एक कमी.

अप्पा : सातवा दुरुस्तीला काढला असेल.

हवालदार : डोकं गेलं. उतरा खाली.

अप्पा : अहो, सोलापुरात कुणालाही विचारा, सातवा पटकन येत नाही! तुम्ही सांगा बघू.

हवालदार : मी श्रीपूरचा. मला काय इचारता.

अप्पा : दर उन्हाळ्याला तिथंच माणसं गोळा करता की. सांगा.

हवालदार : स्टेशनचा. होटगीचा. तुमी म्हनला त्यो मोदीचा. आन... माझी येष्टी येती त्यो.

अप्पा : चार! दाक्षा, हवालदारांना खाली पोचव. लई वाढलंय त्यांचं. घरचं कोण आहे त्यांचं संग?

दाक्षायणी : थट्टा पुरे. अप्पा, इकडं बघा. माझ्याकडं. दुखायलंय?

अप्पा : चढाला लागल्यापासून. डोक्यात हातमाग ठोकल्यागत, खटक-खटक, थांबतच नाही.

दाक्षायणी : आणि सांगितलं नाहीत!

अप्पा : सांगितलं असतं तर तुला उतरावं लागलं असतं. खिंड ती काय, तिथं दिसायलीय.

दाक्षायणी : दिसू दे. मी येते खाली. चला, उजेड आहे तोवर.

अप्पा : आणि शाळेत?

दाक्षायणी : शाळेत काय. खळखळ.

अप्पा : आणखी तीस वर्षं?

दाक्षायणी : अप्पा, चपला... बूट घाला तुमचे. वाद नको.

अप्पा : थांब. जोतीराम, नियम परत सांगा. सावकाश.

हवालदार : ज्याचं डोकं फिरलं त्यो खाली, संगट घरचं एक माणूस.

अप्पा : तुमचा कल्लप्पा आचारी कुठला?

हवालदार : वळसंगचा. का?

अप्पा : दाक्षा, माझी सासुरवाडी कुठली?

दाक्षायणी : वळसंग... अप्पा!

अप्पा : झालं. माझा मेहुणा लागला. बसल्या जागी घरचं माणूस.

हवालदार : असं कसं लागंल? एका गावचं म्हंजी काय...

अप्पा : बायकोच्या गावचा बाप्या म्हणजे मेहुणा. श्रीपुरात वेगळं चालतं का?

हवालदार : न्हाय, चालतं तसंच. पर...

अप्पा : पर काय? वळसंगात एस्टीतनं पाय खाली ठेवला की पारावरच्या म्हाताऱ्यापासून सगळा गाव मला दाजी म्हणतो. जत्रेत सदऱ्याला रंग लावतात, तेव्हा कुणी विचारतं का, सख्खा का चुलत? कल्लप्पा! ए कल्लप्पा! मी तुझा कोण लागतो?

हवालदार : त्यो बोलत न्हाय. चार साल झालं माझ्यासंगट हाय, मीठ कमी हाय का इचारलं तरी बोलत न्हाय.

अप्पा : मान हलवली की! बघितलंत? दाजी म्हणाला मनात.

हवालदार : अवो, ष्टोला हवा भरतोय त्यो. मान हलनारच.

दाक्षायणी : कल्लप्पामामा, अप्पांना खाली न्याल?

हवालदार : आता तुमी बी मामा म्हना.

दाक्षायणी : अव्वाच्या गावचे. मग मामाच की. बघा, स्टो बंद केला त्यांनी. अप्पांचा पिट्टू उचलला.

हवालदार : आयला.

अप्पा : भाकरी वर ठेव रे कल्लप्पा, मोडतील. आता बोला जोतीराम. नियम पुरा झाला का?

हवालदार : झाला म्हना. पलटणीत असता तर सावकार, तुमी बसल्या जागी सुट्टी मंजूर करून घेतली असती.

दाक्षायणी : पण अप्पा, अव्वाची अट? माझ्यासंग घरचं कोण?

अप्पा : श्रीपूरला आपल्यातलं कुणी लग्न करून दिलंय का?

दाक्षायणी : कुणी नाही.

अप्पा : आणलेलं?

दाक्षायणी : ते पण नाही.

अप्पा : म्हणजे हवालदार कुणीच लागत नाहीत.

हवालदार : लागलो असतो तर बरं झालं असतं.

अप्पा : दाक्षा.

दाक्षायणी : हां.

अप्पा : तुझी चादर ने.

दाक्षायणी : चादर?

अप्पा : आपल्या घरचीच आहे. डोक्यावरनं नीट घे. आणि कुणी विचारलं, तर सांग, अप्पा मागून यायलेत.

*

हवालदार : हं. ही खिंड. आन खाली ती बघा. हीच ती तुमची हिमनदी.

दाक्षायणी :

हवालदार : बाई? डोकं दुकतंय का? सात रस्ते सांगा बगू.

दाक्षायणी : श्श.

हवालदार : का?

दाक्षायणी : ऐकायलेय.

हवालदार :

दाक्षायणी :

हवालदार :

दाक्षायणी : ऐकलंत?

हवालदार : व्हय की. इतकी साल येतोय, कवा गप बसून ऐकलंच न्हाय.

*

अप्पा : आलीस? बस. पाय ओले आहेत का? चादर कुठाय?

दाक्षायणी : हवालदारांच्या अंगावर. उतरताना वारं सुटलं. सोलापूर येईपर्यंत काढणार नाही म्हणाले.

अप्पा : बघ! आणि मला हसायलेला नमुन्यापायी. रंग जात नाही म्हणून सांगितलंस का?

दाक्षायणी : अप्पा, डोकं कसं आहे?

अप्पा : खाली आलो तसं उतरलं. आणि सातवा सापडला.

दाक्षायणी : कुठला?

अप्पा : आपल्या दुकानापुढचा. त्याच्यावरच बसलेला असतो मी, तो कशाला मोजीन? मेहुण्यानं काढून दिला.

दाक्षायणी : कल्लप्पामामा बोलले?

अप्पा : एकच वाक्य. "दाजी, तुमचं दुकान कुठल्या रस्त्याला?" परत गप्प.

दाक्षायणी : दाजी म्हणाले?

अप्पा : म्हणाला की. मग मी पण डाळ खाल्ली त्याची. छर्ऱ्यांसकट.

दाक्षायणी : अव्वाला सांगते.

अप्पा : सांग. ते जाऊ दे. आवाज येतो का?

दाक्षायणी : भाकरी उरलीय?

अप्पा : भूक लागली? थांब, चटणी काढतो.

दाक्षायणी : चटणी नको. नुसती द्या. आणि कान इकडं करा. जवळ. हां. आधी काहीच नाही, अप्पा. बराच वेळ काहीच नाही. सगळं पांढरं, गप्प. मला वाटलं, मुलींना सांगावं लागणार, नाही येत. आणि मग लांब कुठंतरी, खोल, बर्फाच्या पोटात...

अप्पा : मोडलीस की भाकरी.

दाक्षायणी : असा.

अप्पा : परत एकदा मोड.