संमतीच्या रकान्यात रवळनाथ

मी, प्रभावती सगुण परब, वय ५६ वर्षे, धंदा शेती, रा. देऊळवाडा, इब्रामपूर, ता. पेडणे, ठाण्यात बोलावल्यावरून आज स्वतः हजर राहून सांगते की,

गौरवी, वय १४, ही माझ्या मयत बहिणीची मुलगी. बाप त्याआधीच गेलेला. पाच वर्षे ती माझ्याकडे आहे. अनाथ मुलांची सरकारी मदत दरमहा तिच्या खात्यात जमा होते व पालक म्हणून माझ्या सहीने निघते. मोठी रक्कम काढायची तर अर्जावर बापाच्या घरातल्या ज्येष्ठाची संमती लागते. ज्येष्ठ म्हणजे तिचा काका निलेश, रा. डिचोली. पाच वर्षांत तो दोनदा आला, दोन्ही वेळा गणपतीच्या चवथीला, जेवून गेला.

गौरवीचे पुढचे दात बाहेर आहेत. हसताना ती तोंडावर हात धरते, ते मला बघवत नाही. दात तिच्या बापाच्या घराण्याचे. निलेशचे हवालदारसाहेबांनी स्वतः पाहिलेच आहेत. दातांना तार बसवायला पैसे काढायचे म्हणून मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "दांत सारके करून तिका काय सिनेमात धाडतलंस?" आणि फोन ठेवला.

मग मी आमच्या ग्रामदेवाला, रवळनाथाला कौल लावला. पुजाऱ्याने मूर्तीला पाकळ्या लावल्या, उजवीकडची पडली, म्हणजे होकार. आमच्याकडे लग्न, घर, विहीर सगळे ह्यावरच ठरते. दातांना वेगळा नियम असेल असे मला वाटले नाही. संमतीच्या रकान्यात मी "रवळनाथ, इब्रामपूर" लिहिले व सहीच्या जागी ती पाकळी टाचणीने लावली. कार्यालयातल्या कारकुनाने आधी पाकळीला नमस्कार केला, मग शिक्का मारला. तार बसली.

आता निलेशची तक्रार आहे की, मी बोगस माणूस उभा करून अल्पवयीन मुलीचे पैसे खाल्ले. माणूस मी उभा केलेला नाही. दातांच्या डॉक्टरांची पावती सोबत दिली आहे, आणि पैसे गौरवीच्या तोंडात आहेत, कोणीही बघावे.

आज ठाण्यात तो म्हणाला की, पालकत्व त्याच्या नावावर करा, मुलगीही तो घेऊन जाईल. गौरवी तेव्हा माझा पदर धरून बसली. चौदा वर्षांची घोडी, पण सोडीना. मला भीती वाटली, हेही लिहून घ्यावे.

अर्ज चुकला असेल तर दंड भरीन. मदत कोणाच्या सहीने निघावी ते सरकारने ठरवावे, निलेशच्या सहीने निघाली तरी चालेल. गौरवी माझ्याच घरी राहील. ह्याला मी कोणाची संमती घेतलेली नाही, रवळनाथाचीसुद्धा.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. निलेशबद्दलचे तीन शब्द हवालदारांनी गाळले, ते सोडून सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: प्रभावती सगुण परब