पदरात बांधलेली भाकर

(दौंड, १९९८. रेल्वे क्वार्टरची आतली खोली, रविवारची दुपार. बाजेवर आजारी गेणबा भिंतीकडं तोंड करून पडलाय. त्याची बायको वच्छलाबाई आणि सून मोनिका दाराशी कुजबुजतायत.)

वच्छलाबाई : खरं सांग मोनिका, तुमच्या देवळातल्या त्या भाकरीत काय घातलं हुतंस?

मोनिका : कणीक आणि पाणी. मीठसुद्धा नाही. का हो, आत्याबाई?

वच्छलाबाई : ह्यास्नी चारला म्या त्यातला तुकडा. तवापास्नं दरदरून घाम फुटलाय. हात गार पडल्यात.

मोनिका : मामंजींना? तुमच्याकडं कुठून आला तुकडा?

वच्छलाबाई : पाळकसायबांनी हातावर ठिवला. ह्यास्नी बरं वाटावं म्हणून आज तुझ्यासंगं देवळात आले हुते, समदी रांगंनं निघाली, म्या बी गेले.

मोनिका : मला कळलंच नाही. मी मान खाली घालून बसले होते.

वच्छलाबाई : म्या म्हनलं, परसाद हाय. घरी तापानं आजारी माणूस तीन दिस उपाशी, आन् मी एकटीनं गिळू व्हय? बांधला पदरात.

मोनिका : आत्याबाई, ते प्रभुभोजन. बाप्तिस्मा झालेल्यांनी तिथंच खायचं, तेही मन तपासून. मनात कुणाबद्दल अढी ठेवून खाल्लं, तर आपणच आपल्यावर दंड ओढवून घेतो. पाळकसाहेब दर वेळी बजावतात.

वच्छलाबाई : दंड? अगं, ह्यांच्या मनात तर अढीचं पोतं हाय. तीन वरसं झाली, ‘बाटगीच्या हातचं खाणार न्हाई’ म्हणून मला येगळी चूल पेटवाया लावत्यात. आन् म्या तुझ्याच हातची भाकर न सांगता खायाला दिली. म्याच मारलं गं माझ्या माणसाला.

मोनिका : हळू बोला. मलाही भीती वाटतेय. हे डॉक्टरांना आणायला गेलेत, आल्यावर काय सांगायचं?

वच्छलाबाई : सांग माझ्या बिरदेवाला, तुझ्या आईनं केलं. पर तू प्रार्थना कर. तू खाल्लास न्हवं तुकडा? तुझं ऐकंल तुझा देव.

मोनिका : मी नाही खाल्ला.

वच्छलाबाई : का गं? पहाटे उठून भाकर तूच भाजलीस की.

मोनिका : या रविवारी भाकर भाजायचा माझा नंबर होता, म्हणून भाजली. पण रांगेत जायला उठवेना. परवा मामंजींनी पाण्याचा तांब्या ढकलला, म्हणाले, मेलो तरी हिच्या हातचं नको. तेव्हा माझ्या मनात आलं, नको तर नको, मरा. ते मनातून जाईना. आता त्यांना काही झालं, तर ते माझंच पाप.

वच्छलाबाई : पोरी, असं बोलू नगं.

गेणबा : वच्छले.

वच्छलाबाई : अगं बया. जागं हायसा तुमी?

गेणबा : तुमच्या कुजबुजीत झोप लागती व्हय? पाणी द्या कुणीतरी.

वच्छलाबाई : आणते. माझ्याच हातचं आणते.

गेणबा : कुणाच्या बी हातचं आण. घसा सुकलाय.

मोनिका : हे घ्या, मामंजी. सावकाश. आत्याबाई, कपाळाला हात लावून बघा. ताप उतरलाय.

वच्छलाबाई : खरं सांगतीस?

गेणबा : मरत न्हाई मी एवढ्यात. त्या भाकरीला मीठ न्हवतं. पहिल्या घासालाच वळखलं, ही वच्छलीच्या हातची न्हवं.

वच्छलाबाई : आन् वळखून खाल्लीसा?

गेणबा : अर्धी. परसाद हाय, एकट्यानं खायाचा नसतो, असं देताना तूच म्हणलीस न्हवं? अर्धी ह्या मुठीत हाय. मोनिका, हिकडं ये.

मोनिका : मामंजी, नको. मी तुमचं वाईट चिंतलंय.

गेणबा : ऐकलं की. म्या तीन वरसं तुझं चिंतलंय. हात फुडं कर.

मोनिका : मला भीती वाटते.

गेणबा : मला बी वाटतीय. घे. घामानं वलसर झालीय जरा. चालंल न्हवं?