गुडघ्यामागचा गोल

हसू नका, पण लॉकडाउनमध्ये मला गोचीड चावली होती. परदेशात, बेस्ट नावाच्या गावात एकटाच राहायचो. जंगलात फिरून आलो, तर ही गुडघ्याच्या मागे चिकटलेली. काढली आणि डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"गोचिडीतून लाइमचा आजार होऊ शकतो," त्या म्हणाल्या. "डागाभोवती पेनाने गोल काढा. घरातल्या कुणाला तरी रोज बघायला सांगा. लाली गोलाबाहेर गेली तर लगेच कळवा."

घरात कोण? पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अरे, गोचीड म्हशींना होते!" म्हणाली. पण रोज चष्मा लावून बघायची. "कालच्याएवढाच आहे." मग तासभर गप्पा.

दोन आठवड्यांत डाग गेला. मी आपला रोज गोल गिरवतच राहिलो.

महिन्याभराने आई म्हणाली, "डाग कधीच गेलाय रे. उद्या पण दाखव."